चौघांच्या घरातला पाचवा आकडा

६ जानेवारी

आज सासूबाई माझ्याशी एक अख्खं वाक्य बोलल्या. “बाहेर जाताना दार ओढून घेत जा.” लग्नाला दोन वर्षं होत आली, पण आमचं बोलणं दार, गॅस आणि दुधाचं पातेलं यांच्यापुढे सरकलेलं नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. भांडणच नाही. त्या माझ्याकडे बघतात आणि लगेच नजर काढून घेतात. जणू मी कुणाच्या तरी जागेवर चुकून बसले आहे.

दार ओढून घेतलं, कारण आजपासून माझा क्लास सुरू झाला. मीटर बनवणाऱ्या एका कंपनीला माणसं हवी आहेत. अट एकच, कॉम्प्युटरच्या सी भाषेची पहिली परीक्षा पास हवी. कंपनी दुसऱ्या गावात आहे, इथून अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. नवऱ्याच्या ऑफिसची शाखाही तिथे आहे आणि त्याची बदली मागायची तयारी आहे. म्हणजे मी पास झाले तर आमचं वेगळं बिऱ्हाड, माझी स्वतःची नोकरी आणि मी पाहुणी नाही असं एक स्वयंपाकघर. नापास झाले तर हेच घर आणि हेच पातेलं. परीक्षा मार्चच्या शेवटी, ती वर्षातून एकदाच होते.

माझ्या आईला फोनवर हे सगळं सांगताना मला नेहमीप्रमाणे रडू आलं. ती म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे माझं फोनचं बिल आणि तुझे रुमाल दोन्ही वाचतील. म्हणून हा उद्योग.

१३ जानेवारी

क्लास चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. आठ कॉम्प्युटर, त्यातले दोन शोभेचे. सर कायम एकच करडा स्वेटर घालतात आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात. मशीन मोजायला एकपासून नाही, शून्यापासून सुरुवात करतं, हे त्यांनी इतक्या वेळा बजावलं की आम्ही त्यांना शून्यसर म्हणायला लागलो. माझ्या शेजारी एक मुलगी बसते, औषधांच्या दुकानात कामाला आहे. मी तिला औषधवाली म्हणते, ती मला सूनबाई म्हणते. दोघींनाही राग येत नाही.

आज लूप शिकवला. एकच काम पुन्हापुन्हा करायचं असेल तर ते एकदाच लिहायचं आणि किती फेरे मारायचे ते मशीनला सांगून ठेवायचं. मी त्याला माझं नाव शंभरदा लिहायला लावलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभर ओळी हजर. एवढ्या वेळा माझं नाव मी लग्नानंतर वाचलं नव्हतं. घरात मी ‘अगं’ आहे, नाहीतर ‘ऐकलंस का’.

सर म्हणाले, लूप सुरू करणं कुणालाही येतं, चुकतं ते थांबवणं. मी ते वहीत उतरवून घेतलं. आनंदात होते, फारसं मनावर घेतलं नाही.

२१ जानेवारी

घरी करायला अभ्यास दिला होता. घरातल्या माणसांची वयं मशीनला द्यायची, ती ओळीनं कप्प्यांत ठेवायची आणि लूप लावून एकाखाली एक छापायची. दुपारी नवऱ्याचा जुना लॅपटॉप घेऊन बसले. सासरे एकसष्ट, सासूबाई सत्तावन्न, नवरा अठ्ठावीस, मी पंचवीस. चार माणसं, चार कप्पे. प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला. मी स्वतःवर खूश होऊन बघते तर ओळी पाच. पाचवी ओळ होती ६.

मी सहा आकडा दिलाच नव्हता. पुन्हा चालवला, पुन्हा सहा. तेवढ्यात सासूबाई वाळलेले कपडे ठेवायला खोलीत आल्या. त्या कधी पडद्याकडे बघत नाहीत, आज बघितलं. विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, आपल्या घरातली वयं. त्यांनी बोटानं एकेक ओळ खाली येत मोजली आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबवलं.

“हे सहा कुणाचं?”

मी म्हटलं, कुणाचंच नाही, माझं काहीतरी चुकलंय. त्या आमच्या पलंगावर बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. कपड्यांची चवड मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून होत्या. मला उठा म्हणायचा धीर झाला नाही आणि बसा म्हणायचाही.

२२ जानेवारी

चूक सापडली. मी मशीनला शून्यापासून चारपर्यंत फिर म्हणून सांगितलं होतं. शून्य, एक, दोन, तीन, चार म्हणजे झाले की पाच फेरे. माणसं एकपासून मोजायची सवय, त्यामुळे निम्म्या वर्गाचं हेच झालं होतं. ‘चारपर्यंत’ नको, ‘चारच्या आत’ हवं. सरांनी घसा खाकरून सांगितलं, “तुमचे कप्पे चार. पाचव्यात डोकावलात. तो तुमचा नाही. त्यात आधीच्या कुणीतरी टाकलेलं पडून असतं, ते दिसतं. त्याला कचरा म्हणायचं आणि सोडून द्यायचं.”

क्लासच्या मशीनवर माझ्याच प्रोग्रामनं पाचव्या ओळीत भलामोठा लांबलचक आकडा दाखवला. औषधवालीचंही तसंच. सहा कुणाचंच आलं नाही. लॅपटॉप जुना आहे, त्याचा कचराही साधा असेल.

२४ जानेवारी

घरी येऊन दुरुस्ती केली. चार माणसं, चार ओळी. दुपारी सासूबाई हातात चहाचा कप घेऊन आल्या. कप माझ्यासाठी होता. मला वाटलं, आज सूर्य कुठून उगवला. त्यांनी पडद्यावर वाकून बघितलं आणि पाचवी ओळ कुठे गेली ते विचारलं. मी म्हटलं, चूक होती, काढून टाकली.

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “राहू दे की. तुझं काय जातंय?”

खरंच माझं काय जातंय. मी पुन्हा ‘चारपर्यंत’ करून दाखवलं. पाच ओळी आल्या. पण पाचवीत आता ७ होतं. मी भुवया उडवल्या, त्या मात्र हसल्या. सासूबाईंच्या डाव्या गालाला खळी पडते हे मला आज कळलं.

२ फेब्रुवारी

आता रोज दुपारी आमची बैठक असते. भांडी आवरली की त्या स्टूल ओढून माझ्याशेजारी बसतात आणि मी प्रोग्राम चालवते. कधी कालचाच आकडा असतो, कधी एकानं वाढलेला. आज ९. मी सरांना विचारलं, कचरा असा वाढतो का. ते म्हणाले, कचऱ्याचा काही भरवसा नसतो, तुम्ही तुमच्या कप्प्यांत राहा.

सासूबाईंनी शिलाई मशीनवरचं आच्छादन काढलं आहे. कालपासून एक फ्रॉक शिवताहेत, पिवळा, खिशावर बदक. टोमणा शिवून मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. दोन वर्षं झाली, अजून पाळणा का नाही, हे तोंडानं विचारायच्या ऐवजी फ्रॉकच शिवायला घेतला. रात्री नवऱ्याला सांगून हसले. तो हसला नाही. त्यानं विचारलं, पिवळा कसा, म्हणजे किती पिवळा. पुरुषांना रंगात कधीपासून रस वाटायला लागला कोण जाणे.

८ फेब्रुवारी

सासरे सगळी हयात बस चालवून निवृत्त झाले. त्यांना लूप समजावून सांगितला. त्यांना लगेच पटला, फेऱ्यांवरच जन्म गेला म्हणाले. मी पाचव्या ओळीचं सांगितल्यावर मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, “शेवटच्या स्टॉपच्या पुढे गाडी न्यायची नसते, पोरी. तिथेही कुणीतरी हात दाखवून उभं असतं. थांबलं की ते चढतं.” मी विचारलं, मग काय होतं. ते म्हणाले, चढलेल्याला उतरवायचं कसं, तो आपल्यालाच तिथे सोडून गाडी मागे घेऊन येतो. मग स्वतःच हसले आणि पेपर वर धरला. पेपर उलटा होता.

१४ फेब्रुवारी

१३. दुसरा फ्रॉक तयार, मोठा, मनगटापर्यंत बाह्यांचा. नातवंड अजून पोटातही नाही आणि आजीबाईंनी त्याला मोठ्या शाळेत घातलंदेखील.

थट्टा करते आहे, पण खरं सांगायचं तर मला हे सगळं आवडतंय. त्या आता माझ्या केसांना तेल लावतात. काल दूध आणून दिलं, वर जाड साय. मला सायीची शिसारी आहे, माझी आई गाळून द्यायची. पण इतक्या प्रेमानं दिलेलं नको कसं म्हणू? डोळे मिटून गिळलं. एका फालतू फेऱ्यामुळे मला या घरात आई मिळत असेल तर मारू देत लूपला एक फेरा जास्त.

२० फेब्रुवारी

आज खरा प्रकार कळला. रविवार म्हणून नवरा घरी होता. दुपारी तो खोलीत आला तेव्हा मी आणि आई बैठकीत होतो. (आज पहिल्यांदा इथे सासूबाईंना आई लिहिलं. असू दे.) पाचव्या ओळीत १६ होतं. त्यानं ते बघितलं, मग आईंच्या मांडीवरचा अर्धवट शिवलेला ड्रेस बघितला आणि बाहेर निघून गेला. मी मागोमाग गेले. तो जिन्यात बसला होता.

त्याला एक बहीण होती. त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, घरात सगळे ठमी म्हणायचे. सहा वर्षांची असताना तापानं गेली, चार दिवसांत. तिच्या अंगावर तेव्हा पिवळा फ्रॉक होता, खिशावर बदक. आईंनी त्या दिवसापासून शिलाई मशीन झाकून ठेवलं आणि घरात तो विषय काढायचा नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी ठरवलं नाही, आपोआप ठरलं.

“असती तर आज तुझ्याएवढी असती,” तो म्हणाला. “डावखुरी होती. दुधावरची साय माझ्या कपातली पण पळवायची.”

मी इतके दिवस हसत होते याची मला लाज वाटली. आणि भीतीही वाटली, ते लिहून टाकते. सहा, सात, नऊ, तेरा, सोळा. ही कसली मोजणी चालली आहे? नवरा म्हणाला, तो प्रोग्राम पुसून टाक. त्याच्यासमोर पुसला. आता हलकं वाटतंय.

२३ फेब्रुवारी

प्रोग्राम लॅपटॉपवर आहे. मीच पुन्हा लिहिला असणार, हातांना पाठ झालाय. आई दुपारी स्टूल घेऊन आल्या आणि मी नेहमीसारखा चालवला. १७ आलं तेव्हा आठवलं की आपण तर हा पुसला होता.

नवऱ्याला सांगितलं नाही. बिचाऱ्या आईंना लेकीची आठवण येते, एवढंच आहे हे. आकडे काय, मशीनचा कचरा. त्यांना त्यात लेक दिसत असेल तर मी कोण नाही म्हणणारी?

१ मार्च

सराव परीक्षेत माझा बोऱ्या वाजला. पाच प्रश्नांत लूप होते आणि पाचही ठिकाणी मी एक फेरा जास्त मारला. सरांनी सगळ्यांसमोर कान उपटले. म्हणाले, वर्गात ही चूक सगळ्यांनी केली आणि सगळ्यांची सुटली, तुम्ही एकट्याच ती जपून ठेवली आहे. खऱ्या परीक्षेत हे केलंत तर मशीन तुमच्यासाठी थांबणार नाही. औषधवाली परतताना म्हणाली, सूनबाई, तुझा चेहरा उतरलाय, झोपतेस का नीट? झोपते. उलट फार झोपते.

आता नेटानं अभ्यास करायचा. महिन्याभरात वेगळं बिऱ्हाड, हे मनाशी रोज म्हणायचं. आज ते दोनदा म्हटलं, पण डोळ्यांसमोर काही येईना. आधी खिडकीचे पडदेसुद्धा दिसायचे.

६ मार्च

२१. आईंनी आज टेप घेऊन माझं माप घेतलं. खांदा, छाती, बाही, उंची. प्रत्येक मापाला मान डोलवत होत्या. म्हणाल्या, बघ, बरोब्बर. कशाशी बरोबर ते म्हणाल्या नाहीत. मग माझ्या दोन वेण्या घातल्या. मी आरशात बघितलं तर मला दोन वेण्या शोभतात की.

उजव्या हाताला रग लागली आहे, म्हणून हे डाव्यानं लिहून बघतेय. चांगलं जमतंय. अक्षर थोडं कललंय, पण वाचता येतंय.

९ मार्च

माझ्या आईचा फोन आला होता. ती म्हणाली, हल्ली तू फोन करत नाहीस, रडत पण नाहीस, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे म्हणूनच रडत नाही. तिनं विचारलं, दुधाची साय अजून गाळून घेतेस का? मला प्रश्नच कळला नाही. साय कुणी गाळतं का? तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग म्हणाली, परीक्षा झाली की मी येतेच तुला न्यायला, चार दिवस माहेरी ये.

१३ मार्च

आज २५.

चौथी ओळ पंचवीस, पाचवी ओळ पंचवीस. आई स्टुलावर ताठ बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता, भाजी चिरताना बोलतात तसा.

“झाली ना दोन्ही सारखी? आता एक काढून टाक.”

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्यांनीच म्हटलं! आता चूकही सुटणार, परीक्षाही पार पडणार. मी विचारलं, शेवटची ओळ काढू ना? त्या म्हणाल्या, “कुठलीही काढ. आता काही फरक नाही.”

‘चारपर्यंत’चं ‘चारच्या आत’ केलं. प्रोग्राम चालवला. चार ओळी. आईंनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, मग तेच बोट माझ्या हनुवटीला लावलं आणि मला ठमी म्हणाल्या. किती वर्षांनी त्यांना ते नाव तोंडानं घेता आलं असेल. मी दुरुस्त केलं नाही. असं एखाद्याला नावानं कुणी हाक मारली की बरंच वाटतं.

१५ मार्च

नवीन ड्रेस घातला. अंगात अगदी नीट बसला. आईनं दृष्ट लागेल म्हणून लवकर काढायला लावला.

१९ मार्च

दादाच्या बदलीचा हुकूम आला. तो उड्या मारतच घरी आला. छान झालं, पण एकटा तिथे राहणार कसा? त्याला साधा चहा धड करता येत नाही. मी तसं म्हटलं तर म्हणाला, एकटा का, आपण दोघं जाणार ना, तुझी परीक्षा झाली की. मला हसूच आलं. मी कशाला जाऊ आईला सोडून?

दादानं माझे दोन्ही दंड धरले आणि माझ्याकडे बघत राहिला. कुणाचं तरी नाव घेत होता, मला ऐकू आलं नाही नीट. मग आईच्या खोलीत जाऊन तिच्यावर ओरडला. दादा आईवर कधी ओरडत नाही. बाबा मध्ये पडले आणि त्याला बाहेर घेऊन गेले. आई म्हणाली, होईल शांत, त्याला सवय नाही राहिली तुझी.

२५ मार्च

सकाळी दादा मला हाताला धरून एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत घेऊन गेला. वाटेत सारखा सांगत होता, बाकी काही नको, फक्त पेपर लिही, मग आपण इथून जाऊ, आजच जाऊ. तो रडवेला झाला होता म्हणून मी हो म्हटलं.

खोलीत ओळीनं कॉम्प्युटर होते आणि करड्या स्वेटरमधले एक गृहस्थ. ते हजेरी घेत होते. एका मुलीचं नाव त्यांनी दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा घसा खाकरून पुकारलं. कुणी ओ देईना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या मुलीनं कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, सूनबाई, बोल ना. मी कुणाची सून? माझं तर लग्नसुद्धा झालेलं नाही. त्या मुलीचं वर्ष फुकट जाणार म्हणून मला वाईट वाटलं.

समोर पडद्यावर पहिला प्रश्न आला. त्यात काहीतरी किती वेळा फिरवायचं ते विचारलं होतं. मला त्यातलं काय कळणार, मी तो विषय कधी शिकलेच नाही. थोडा वेळ बसले आणि उठून आले. दादा जिन्यात उभा होता. माझ्याकडे बघितलं आणि तिथेच पायरीवर बसला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी तो रडायचा तेव्हा फिरवायचे तसा, डाव्या हातानं. तो दचकून बाजूला सरकला.

२७ मार्च

दादा काल गेला, नवीन गावी. सामान थोडंच नेलं. मी दाराशी अच्छा करायला गेले तर त्यानं माझ्याकडे वर बघितलं नाही. बाबा खिडकीशी बसून रस्त्याकडे बघतात. आई मात्र गाणं गुणगुणत घरभर वावरते आहे. शिलाई मशीन दिवसभर चालू असतं.

दुपारी फोन वाजला. आईचे हात पिठात होते म्हणून मी घेतला. कुणी बाई होत्या. माझा आवाज ऐकल्याबरोबर त्यांनी घाईघाईनं विचारलं, पेपर कसा गेला, जेवतेस का, जावयांनी असं काय सांगितलं फोनवर, मी उद्याच्या गाडीनं निघतेय. फार प्रेमळ आवाज होता. मी म्हटलं, तुम्हाला वहिनी हवी असेल. ती नाही इथे.

“नाही म्हणजे? कुठे गेली?”

मी खरंच विचार केला. वहिनी होती हे मला माहीत आहे, तिचे कपडे कपाटात आहेत, या वहीतलं आधीचं सगळं तिचंच लिहिलेलं आहे. पण ती गेली कुठे हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. म्हणून मी सांगितलं, “आम्ही घरात चौघंच आहोत. आई, बाबा, दादा आणि मी.”

मग त्या बाई रडायला लागल्या आणि रडतारडता एकच नाव घेत राहिल्या, पुन्हापुन्हा, हाक मारावी तसं. मी फोन कानाला धरून ऐकत राहिले, ठेवून द्यावासा वाटेना. नाव छान होतं. कुणाचं ते विचारणार होते, पण आईनं येऊन फोन हातातून घेतला आणि बंद केला.